चालू राहिलेला माइक

"हलू नका हं... नाहीतर दगडांऐवजी तुमची धडधडच ऐकू जाईल साऱ्या मॅनिटोबाला!"

कॅनडातल्या गिमलीच्या कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवण्याच्या खेळाच्या क्लबात, खेळाडू थोराच्या कॉलरला माइक लावताना रेडिओचा ध्वनितंत्रज्ञ ओस्टाप म्हणाला. बोटं गारठलेली, डोळे मिश्कील.

"धावत आलेय, म्हणून धडधडतंय!" ती फणकारली.

त्याला तीन हिवाळे झाले. थोरा दोनदा प्रांताची विजेती झाली. सामने नसले की त्याच रेडिओवर इतरांच्या सामन्यांचं वर्णन करू लागली. काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून ओस्टाप असायचाच. थट्टा रोजची, मनातलं विचाराल तर दोघंही मूग गिळून गप्प!

आज अंतिम सामना होता. शेवटचा दगड लांब सरकावा म्हणून त्याच्यापुढे बर्फ घासत धावताना थोराचा ब्रश दगडाला जेमतेम शिवला. कोणी पाहिलं नव्हतं. पण या खेळात ज्याची चूक, त्यानेच सांगायची.

"मी शिवले," ती म्हणाली. दगड बाद झाला, सामनाही गेला.

रिवाजाप्रमाणे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना बिअर पाजली. थोडा वेळ गेल्यावर टोपी कुरवाळत ओस्टाप तिच्या टेबलाशी आला.

"थोरा... चूक माझी."

"कसली?"

"सामना संपल्यावर तुझा माइक बंद करायचा होता. नाही केला. रेडिओवर नाही गेलं काही, पण तुमच्या संघातल्या डेबीला सांगितलंस ते मी ऐकलं. तू सोमवारी टोरांटोला चाललीस, टीव्हीवरच्या नोकरीला... आणि तो येडा जाण्याआधी एकदा तरी तोंड उघडेल का, ते."

थोराचे कान तापले. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग गप्प राहायचंस! ते तर छान जमतं तुला."

"तू राहिलीस का गप्प? चषक गेला तरी..."

तिने बिअरचा ग्लास बाजूला सरकवला.

"दगड सोडताना तू श्वास रोखतेस ना... तीन वर्षं तो ऐकतोय मी. अडवत नाही, जा तू. पण प्रेम आहे गं माझं."

थोराने कॉलरचा माइक काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"आता बंद आहे?"

"आहे."

"नक्की? मग मीही कबूल करते..." तिने त्याची थंड बोटं धरून ठेवली. "त्या दिवशी मी धावत आले नव्हते, ओस्टाप."