आपोआप लागणारं कुलूप

मे महिन्याच्या भर दुपारी जानराव मूर्तिजापूरजवळच्या आपल्याच टिनाच्या गोदामात कोंडले गेले. दुर्गाबाई डबा घेऊन आल्या, दारावरची धडधड ऐकून त्यांनी कुलूप फोडवलं, म्हणून नवरा वाचला.

आता कोंडीत सापडला होता अंकुर. ते कुलूप मोबाईलवर चालणारं, ॲप त्याचं, आणि अमरावतीच्या ऑफिसातून ते लावू शकणाराही तो एकटाच. संध्याकाळी पोलीस येणार होते.

"नवी सोय लोकांना वापरून पाहायला दिली होती," जानरावांच्या अंगणाकडे जाताना त्याने डिटेक्टिव्ह दीक्षा वानखडेंना सांगितलं. "मालकाचा फोन लांब गेला की कुलूप आपोआप लागतं. पण जानराव तर आतच होते!"

"मंग फोनही आतच," दीक्षाचा मदतनीस अनुप म्हणाला. "म्हंजे कुलूप तुमीच लावलं." बुडत्याला हात द्यायच्या आधी पाणी किती खोल ते सांगणारा माणूस!

"वापरणाऱ्यांचं म्हणणं काय?" दीक्षाने विचारलं.

"सगळ्यांनी तोंड भरून कौतुक लिहिलं. एकही तक्रार नाही."

"आपल्या वऱ्हाडात? एकही नाही?" दीक्षा हसली.

अंगणात अंकुरच्या कंपनीची कुलुपं गावोगाव बसवत फिरणारा गजेंद्र आधीच बसला होता. "मी कुलूप पाह्यलं, फटफटीवर बसलो अन् निंगालो," तो म्हणाला. "तवा दार उघडंच होतं."

"झळ लागे म्हनून मीच लोटलं," जानराव बाजेवरून म्हणाले.

"काका, आतून फोन कावून नाही केला?" अनुपने विचारलं.

"केला ना! पन टिनात रेंज कुठं?" त्यांनी खिशातून बटनांचा फोन काढला.

दीक्षाने तो अंकुरच्या हातात दिला. "यावर तुमचं ॲप चालतं?"

"नाही, त्याला स्मार्टफोन लागतो," अंकुर बटनं पाहत म्हणाला.

"मालकाचा फोन लांब गेला, म्हणून कुलूप लागलं," दीक्षा म्हणाली. " फक्त ॲपच्या लेखी मालक जानराव नव्हते. तो फोन फटफटीवर बसून गेला. तक्रार कोण करणार? सगळ्यांच्या नावाने कौतुक लिहिणारा एकच होता."

अंकुरने लॅपटॉप उघडला. गावातल्या सगळ्या नावांमागे एकच मोबाईल होता, गजेंद्रचा.

"बटनवाल्यायचं काय करू मी?" गजेंद्र रडकुंडीला आला. "या अंकुर साहेबाले अभिप्राय पाह्यजे होते, तेही लौकर. मले कोनाले कोंडाचं नोतं."

"पोलिसांना हेच सांगा," दीक्षा म्हणाली.

अंकुर सुटला होता. तरी तो उठला नाही, बाजेजवळ सरकला. "काका, तुम्हाला कसं वाटलं हे कुलूप?"

जानराव त्याच्याकडे पाहतच राहिले. "मले आजलोक कोनी इचारलंच नाही, बापू." मग म्हणाले, "आतून उघडाची एक कडी लाव."