बाई फळ्याकडे वळल्या की निघ

ही गोष्ट माझ्या मावशीची. तिने मला ती एकदाच सांगितली, आणि मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. खरं मानायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गुरुवार होता. दुपारचे पावणेचार. शाळेचा दुसरा मजला, कोपऱ्यातला सातवीचा वर्ग.

मावशी भाषा शिकवायची. वीस वर्षं झाली होती. भुताखेतांचा विषय निघाला की हसायची. "सातवीच्या पोरांपुढे कुठलं भूत टिकणार?"

त्या दिवशी गोष्ट लिहायला शिकवायचं होतं. तिने आपली खुर्ची फळ्याशेजारी ठेवली.

रिकामी.

"इथे एक म्हातारी बसलीय असं समजा. तिला प्रश्न विचारा, ती काय म्हणेल ते लिहा. पण प्रत्येक माणूस आपल्याच ढंगात बोलतो, हे विसरू नका. नुसत्या बोलण्यावरून माणूस ओळखू आला, तर तुमचं पात्र जमलं."

पोरांच्या हाती आयतं कोलीतच मिळालं.

"आजी, दात किती?" पुढच्या बाकावरची चष्मिश ओरडली.

"चार. त्यातले दोन शेजारणीचे!" मागच्या बाकावरच्या लंबूने म्हातारा आवाज काढला.

वर्ग खो खो हसला.

खिडकीजवळची एक मुलगी तेवढी हसली नाही. पोरं तिला 'बडबडी' म्हणायची, कारण ती बोलतच नसे. चार महिन्यांपूर्वी तिची आई वारली. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही, वहीत ओळ नाही.

आज मात्र ती लिहीत होती.

भराभर.

वहीकडे न बघता... नजर खुर्चीवर.

मावशीचा जीव भांड्यात पडला. चला, पोर लिहिती तरी झाली! संवाद कसा मांडायचा ते दाखवायला ती फळ्याकडे वळली.

मागे खुर्ची करकरली...

कोणीतरी उठल्यासारखी.

मावशीने वळून बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. सगळे लिहिण्यात गुंग.

खिडकीजवळची जागा रिकामी होती.

"ही कुठे गेली?"

"आत्ता इथेच तर होती, बाई," शेजारची मुलगी गोंधळून म्हणाली.

बाकावर वही उघडी होती. मावशीने वाचलं.

मी : तू कोण?
ती : तुझ्या आईला ओळखते.
मी : आई कुठे आहे?
ती : खाली. मागच्या जिन्याने ये.
मी : तो बंद आहे ना?
ती : आज उघडा आहे. बाई फळ्याकडे वळल्या की निघ.

मागचा जिना अर्धा कोसळलेला होता. दाराला बारा महिने कुलूप.

ती धावत सुटली. वाटेत सहा वर्ग. पण पाढे नाहीत, ओरडा नाही, बाक सरकवल्याचा आवाज नाही...

फक्त तिच्याच चपला वाजत होत्या.

कुलूप कडीतच होतं. लावलेलं.

आणि दार सताड उघडं.

मुलगी पाचव्या पायरीवर उभी होती. सहावी पायरी नव्हतीच. खाली दोन मजले काळोख आणि विटांचा ढीग. तिचा एक पाय उचललेला.

ओरडावं तर पोर दचकेल. धरावं तर हात पोचत नाही.

मावशीने अगदी वर्गात विचारावं तसं विचारलं, "काय म्हणतेय ती?"

"आई वाट बघतेय म्हणते."

चार महिन्यांनी ऐकलेला आवाज. घोगरा, गंजलेला.

"असं? मग विचार तिला. आई तुला लाडाने काय म्हणायची?"

मुलगी खाली वाकली.

"आई मला काय म्हणायची?"

खाली एक वीट घरंगळली.

मग काहीच नाही.

मुलीने पाय हळूच मागे घेतला. "बाई... तिला माहीत नाही."

मावशी दोन पायऱ्या उतरली, दंड धरून तिला वर ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं. पोर हमसून हमसून रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

दोघी दाराकडे वळल्या. आणि खालून हाक आली...

मुलीला नव्हे.

मावशीला. तिच्या घरच्या नावाने. ते नाव फक्त तिची आई घ्यायची, शेवटचं अक्षर लांबवून. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती. आवाज हुबेहूब तोच.

"मी मागे बघितलं नाही," मावशी म्हणाली. "पण पाय अडखळले गं. एक क्षण वाटलं, जावं."

पुढच्याच आठवड्यात ते दार विटांनी बुजवलं. ती मुलगी आता भरभरून बोलते. मावशीने मात्र वर्ष संपताच नोकरी सोडली. हल्ली ती आमच्याकडेच असते. कधीकधी बोलता बोलता मध्येच थांबते, कान देते आणि उगाचच मोठ्याने भांडी घासायला लागते.

एकदा मी न राहवून विचारलं, "काय नाव होतं गं ते?"

तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल," ती कुजबुजली. "मी ऐकलंच नाही... असं तिला अजून वाटतंय."