डोळ्याची वजाबाकी

त्या रविवारी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून माझ्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू पिळत होते आणि समोर लॅपटॉप उघडून मी त्यांच्या ताऱ्याचा हिशेब जुळवत होते. आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवलेला माणूस. दुकान बंद झालं तरी छोटा स्क्रूड्रायव्हर खिशात असायचाच.

त्यांचा तारा रूपविकारी होता, म्हणजे तेज बदलत राहणारा. लालसर. काही महिने उजळत जायचा, मग उतरत उतरत साध्या दुर्बिणीतून दिसेनासा व्हायचा. हौशी लोक शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना करून त्याचं तेज डोळ्यांनी ठरवतात आणि आकडे वेधशाळेला कळवतात. मी लिहिलेला प्रोग्राम ते सगळे आकडे एका वक्ररेषेत बसवायचा.

लाल ताऱ्यात एक मेख असते. त्याच्याकडे जितका वेळ बघावं तितका तो तेजस्वी भासतो. म्हणून एक नजर टाकायची आणि डोळा बाजूला घ्यायचा. बाबांना ते कधी जमलं नाही.

"परत टक लावून बसलात ना?" मी म्हटलं. "कालचा आकडा सगळ्यांच्या वर गेलाय."

"एवढ्या लांबून आलाय बिचारा. लगेच पाठ फिरवू?"

"म्हणूनच तुमच्या आकड्यांना वजाबाकी लावलीय. तुमचा डोळा जेवढं फुगवून सांगतो, तेवढं कापून टाकते."

"सख्ख्या बापाला कापतेस," असं म्हणून त्यांनी चष्मा माझ्या नाकावर चढवला. "घाल. आता नीट दिसेल कोण चुकतंय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते कोसळले.

हॉस्पिटलमध्ये त्यांचे डोळे उघडेच राहिले. डॉक्टर म्हणाले, दिसत नाहीये त्यांना, मेंदूपर्यंत काही पोचत नाही. तरी ते छताकडे बघत असत, पापणी न लवता. नर्स मधूनमधून थेंब घालून जाई. दादा एकदा दाराशी उभा राहून म्हणाला, "आता जाऊ दे गं त्यांना." बाबांचा हात धरून मी एकच सांगत राहिले. थांबा, बाबा. थांबा.

ते गेले तेव्हाही मी तेच म्हणत होते. डोळे मिटायला दादाला दोनदा हात फिरवावा लागला.

पुढे काही आठवड्यांनी वेधशाळेतल्या बाईंचा फोन आला. ताऱ्याचा सगळा इतिहास छापायचा होता. "तुझ्या वडिलांची निरीक्षणं घ्यायची की गाळायची, ते तुझ्या हिशेबावर आहे," त्या म्हणाल्या. "चूक ठरावीक असेल तर वजा करता येते. नसेल तर नाइलाज आहे."

जन्मभराचं बघणं होतं ते. गाळू देणार नव्हते मी.

वेधशाळेत काही वर्षांपासून आपोआप चालणारा कॅमेरा होता. त्याला डोळा नाही, म्हणून त्याची वजाबाकी शून्य. त्याच्या आकड्यांशी बाबांचे आकडे ताडले की झालं. बाबा असतानाचे आकडे सुरेख जुळले. चूक ठरावीकच होती. मी सुस्कारा टाकला आणि पुढच्या तारखा बघितल्या. बाबा गेल्यापासून कॅमेराही रेषेच्या वर दाखवत होता. बरोबर बाबांएवढाच वर.

साहजिकच मला वाटलं, प्रोग्राममध्ये त्यांची वजाबाकी भलत्याच ओळीत, उलट्या चिन्हानं मिसळतेय. ओळ न् ओळ तपासली. मग ती वजाबाकीच पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. फरक तसाच.

"कॅमेरा ठीक आहे," बाई म्हणाल्या. "शेजारचे तारे अचूक येताहेत. आम्ही लागोपाठ फोटो घेतो ना, त्यात पहिल्या फोटोत तारा हिशेबाएवढाच असतो. मग प्रत्येक फोटोत थोडा थोडा वाढतो."

"टक लावल्यासारखा."

"कॅमेरा टक लावत नाही. पण असंच राहिलं, तर डोळा तुझ्या बाबांचाच खरा होता असं म्हणावं लागेल. त्यांचे आकडे आहेत तसे छापू."

"आणि तारा अचानक उतरला तर?"

"मग कॅमेऱ्यावरही भरवसा नाही आणि त्यावरून काढलेल्या हिशेबावरही. तुझ्या बाबांचं सगळं गाळावं लागेल."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. हिशेबाप्रमाणे तारा एव्हाना मंदावायला हवा होता. तो मंदावत नव्हता, आणि मी रोज उठून आधी तेवढंच बघत होते.

मग मास्तरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक, हाच तारा बघणारे बाबांचे जुने सोबती. नियमाचे इतके पक्के की त्यांच्या आकड्यांना वजाबाकी लावायची वेळच आली नव्हती.

"पोरी, मला परवा दुर्बिणीवरून डोळा काढता येईना. हिनं हाताला धरून ओढलं."

"आता कसं आहे?"

"पापण्या मिटत नाहीत. थेंब घालतात. फारसं दिसत नाही." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "तो मात्र दिसतो. भिंतीकडे बघितलं तरी दिसतो. बाकीच्यांना सांग, बघू नका म्हणावं. आणि तुझ्या बाबांना..."

त्यांनी फोन ठेवला.

सूर्य मावळल्यावर बाबांची दुर्बीण घेऊन मी गच्चीवर गेले. इतकी वर्षं मी त्या ताऱ्याचे फक्त आकडे बघितले होते. पश्चिमेला, समोरच्या इमारतीच्या टाक्यांवर तो होता.

एक नजर टाकायची, आणि डोळा बाजूला घ्यायचा.

लहान होता. लाल.

मग वाढला.

मी मान वळवायला गेले. वळली नाही. डोळ्यांत पाणी आलं, वाऱ्यानं सुकलं, पापणी लवली नाही.

माझी बोटं दुर्बिणीचं चाक फिरवू लागली. हळू, सफाईनं, चष्मेवाल्याची बोटं फिरतात तशी. मला दिसणारं चित्र धूसर होत गेलं. दुसऱ्या कुणाच्या तरी नंबराला ते जुळत होतं.

मी थांबा म्हणून सांगितलं होतं, म्हणून ते थांबले होते.

ते गेले की तारा उतरणार, आणि तारा उतरला तर त्यांचं एकही निरीक्षण उरणार नव्हतं. हे मला माहीत होतं. त्यांनाही असेल.

"बाबा," मी मोठ्यानं म्हटलं, "आता थांबू नका. जा."