गाडीला पीळ पडतो तेव्हा

घट्ट केलेली वस्तू सैल कशी होते?

परीक्षा-मैदानाच्या कुंपणाला नाक टेकवून उभ्या असलेल्या चैत्रालीला हा प्रश्न पडला. समोरच्या खडबडीत वळणावरून तिच्या आईची लहानशी लाल गाडी बेडकासारखी उड्या मारत येत होती. मागचं, वळणाच्या आतल्या बाजूचं चाक उठत होतं, टेकत होतं, पुन्हा उठत होतं. आणि गेल्याच आठवड्यात आप्पांनी, म्हणजे चैत्रालीच्या आजोबांनी, त्या गाडीला नव्या, जाड तारेच्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. "आता ही जागची हलायची न्हाई," असं ते म्हणाले होते.

मैदानावरच्या फलकावर अक्षरं उमटली. प्रयत्न दुसरा: अनुत्तीर्ण. शिल्लक प्रयत्न: एक.

हे घडलं तो काळ आपल्याहून वीसेक वर्षं पुढचा आहे. कोल्हापुरातल्या बहुतेक गाड्या तेव्हा स्वतःच्या स्वतः चालतात. माणसाला एखादी गाडी हातांनी चालवायची असेल, तर आधी त्या गाडीला वळण-परीक्षा द्यावी लागते. रस्त्यात पुरलेल्या पट्ट्या प्रत्येक चाकाचा दाब मोजतात. वळताना गाडी फार कलली, किंवा एखादं चाक अधांतरी गेलं, की नापास. तीनदा नापास झाली, की कायमची बंद.

चैत्रालीची आई, डॉक्टर ऋतुजा, गुरांची डॉक्टर. घाटापलीकडे सात वाड्या आहेत. तिथला रस्ता दर पावसाळ्यात थोडा थोडा सरकतो, त्यामुळे आपोआप चालणाऱ्या गाड्यांच्या नकाशात तो बसत नाही आणि त्या गाड्या घाटाच्या पायथ्याशीच थांबतात. पुढे आई जाते, या लाल गाडीने. गाडी चणीने लहान, पण अंगात रग भरपूर. जुनं पेट्रोलचं इंजिन काढून तिच्यात विजेची मोटर घातलेली. ती बंद झाली, तर सात वाड्यांतल्या गुरांना डॉक्टर उरणार नव्हता.

घरी येताना आई एवढंच म्हणाली, "शेवटच्या परीक्षेला नऊ दिवस आहेत."

आप्पांचं वर्कशॉप घराच्या मागेच होतं. चाळीस वर्षं त्यांनी उसाच्या ट्रकांचे पाटे बसवले होते. पाटा म्हणजे पोलादाची वाकवलेली पट्टी. अशा पट्ट्या एकावर एक रचल्या की ट्रकची स्प्रिंग तयार होते. ट्रक खाली बसला, की आप्पा एक पाटा वाढवायचे. ट्रक कलला, की एक पाटा वाढवायचे. गावोगावचे ड्रायव्हर त्यांच्याकडे यायचे ते याचसाठी.

आता त्यांनी लाल गाडीखाली वाकून पाहिलं, आणि पाठ सरळ करत म्हणाले, "अजून एक नंबर जाड तार घेऊ."

"आप्पा, जाड केली म्हणून तर ती उडायला लागली," चैत्राली म्हणाली.

"कमी पडली असंल."

"पहिल्यांदा नापास झाली तेव्हा कलत होती, पण उडत नव्हती."

"तू कितवीत हायस गं?"

"सातवीत."

"मग मी चाळीसावीत हाय," आप्पा म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात मापाडी बसला होता. मापाडी हा एका साखर कारखान्याच्या काट्यावरचा निवृत्त यंत्रमानव. उसाच्या गाड्या मोजण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याच्याकडे चार चपटे पाट होते. एकेका चाकाखाली एकेक पाट सरकवला, की कोणत्या चाकावर किती वजन आहे ते तो सांगायचा. का, ते कधीच सांगायचा नाही.

"मापाडी, भरलेल्या उसाच्या ट्रकच्या एका चाकावर किती वजन असतं?"

"सरासरी दोन हजार सहाशे किलो."

"आणि आपल्या गाडीच्या?"

"दोनशे ऐंशी."

"म्हणजे ट्रकला जे कडक असतं, ते आपल्या गाडीला फारच कडक होणार?"

"मी वजन सांगतो," मापाडी म्हणाला. "कारण तुम्ही शोधायचं."

चैत्राली डब्यावर बसून विचार करू लागली. आपणही तिच्याबरोबर करू या.

गाडी जमिनीला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक जागा जेमतेम तुमच्या तळव्याएवढी. वळायचं, थांबायचं, पळायचं, सगळं त्या चार तळव्यांच्या जोरावर. तळवा जमिनीवर दाबलेला असेल तोवरच त्याची पकड (घसरू न देण्याची ताकद) टिकते. रस्त्यात खड्डा आला, तर चाकाने खाली उतरून त्याचा तळ गाठायला हवा. उंचवटा आला, तर चाकाने वर जाऊन वाट द्यायला हवी. चाकाला ही मोकळीक देते ती स्प्रिंग. ती फार मऊ असली, तर वळताना गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि टायर कडेवर चालू लागतो. फार कडक असली, तर उंचवट्यावर चाक वर जाण्याऐवजी सगळी गाडीच वर फेकली जाते.

संध्याकाळी आई दवाखान्यातून आली. चैत्रालीने तिला गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर जोर देऊन दाबायला सांगितलं. आईने दाबलं आणि सोडलं. गाडी वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली.

"अडीच वेळा," चैत्राली म्हणाली.

"शॉकअप गेलेत," आई म्हणाली. शॉकअप (स्प्रिंगची उसळी शांत करणारी, तेलाने भरलेली नळी) हा शब्द आई लहानपणापासून याच वर्कशॉपमध्ये ऐकत आली होती. "स्प्रिंगला दाबलं की ती परत उसळते, तिला थांबायचं कळत नाही. नळीतलं तेल बारीक भोकांतून जाताना तो जोर खाऊन टाकतं. जुन्या मऊ स्प्रिंगला हे शॉकअप पुरत होते. नव्या स्प्रिंगची उसळी जास्त आहे."

"मग आप्पांना सांग ना."

"तू सांग. माझं ते ऐकत नाहीत, मी बैलांची डॉक्टर."

आप्पांनी शॉकअपचं लगेच मान्य केलं, कारण ते त्यांच्याही मनात आलं होतं असं ते म्हणाले. नवे शॉकअप आले. स्प्रिंगाही थोड्या मऊ घ्याव्यात, हे मात्र त्यांना पटेना. तीन दिवस त्यातच गेले. चौथ्या दिवशी आईने गाडी गल्लीच्या वळणावरून नेऊन आणली. उड्या बऱ्याच कमी झाल्या होत्या, पण स्टेअरिंग फिरवलं की गाडी क्षणभर उशिरा वळत होती, जणू तिला दोनदा सांगावं लागत होतं. आणि वळताना मागच्या दाराचं रबर कुरकुरत होतं. फक्त वळताना.

"दार सैल असंल," आप्पा म्हणाले.

दार सैल नव्हतं. चैत्रालीने त्याची बिजागरी आणि कडी दोन्ही हलवून पाहिली. मग तिने दार उघडून ठेवलं, आणि दाराच्या चौकटीत एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरा ताणून मोजला. दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही तसाच मोजला. दोन्ही मापं सारखी आली. नंतर आईच्या मदतीने तिने गाडीचं मागचं एकच चाक लाकडी ठोकळ्यावर चढवलं आणि पुन्हा मोजलं.

एक दोरा तीन मिलिमीटर कमी पडला. दुसरा तीन मिलिमीटर जास्त झाला.

तिने आप्पांना हाक मारली. आप्पांनी चष्मा लावून स्वतः मोजलं. मग दोरा ओला तर नाही ना, हे बघितलं. मग पुन्हा मोजलं.

"चौकट तिरकी झाली," चैत्राली म्हणाली. तिने चपलांचा रिकामा खोका आणला होता. "हे बघा. झाकण लावून पिळा."

आप्पांनी पिळलं. खोका फारसा वळला नाही.

"आता झाकण काढून."

या वेळी खोका ओल्या फडक्यासारखा पिळला गेला. एक कोपरा वर, समोरचा खाली.

"आपल्या गाडीला मागे एवढं मोठं दार आहे. म्हणजे तिथं भिंतच नाही, नुसतं भोक. वळताना गाडीला पीळ पडतो, म्हणून रबर घासतं. स्प्रिंगने वाकायचं, तर ती आहे कडक. मग तिच्याऐवजी गाडीचं अंगच वाकतं."

आप्पांनी खोका पुन्हा एकदा पिळून पाहिला. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"ट्रकला चासी असती. खाली दोन लोखंडी तुळया, ह्या टोकापासनं त्या टोकापतोर. वर काय बी ठेव. मी पाटा वाढवायचो तो त्या तुळयांच्या भरवशावर." त्यांनी गाडीच्या पत्र्यावर बोटाने वाजवलं. "हिला चासी हायच कुठं? पत्र्याचा डबाच हिची चासी. चाळीस वर्षं ट्रकाखाली झोपलो, त्यामुळं ह्यात तुळया असतीलच असं धरून चाललो."

आई हातातला टॉर्च विझवून उभी होती. 

"मऊ स्प्रिंगा मागव," आप्पा तिला म्हणाले. "पहिल्यापेक्षा कडक, माझ्यापेक्षा मऊ. आणि पोरी, तू मला सांग, डब्याला झाकण कसं लावायचं? दार तर पाहिजे. वासरू न्यायचं झालं तर कुठनं घालणार?"

चैत्रालीने चार आइस्क्रीमच्या काड्या टोकांना टाचण्यांनी जोडल्या. चौकोन तयार झाला. बोटाने ढकलताच तो कलंडला. तिने एक काडी तिरकी लावली. आता ढकललं तरी तो हलेना. चौकोनाच्या बाजू तेवढ्याच राहूनही त्याचे कोपरे फिरू शकतात. त्रिकोणात तसं होत नाही. एखादी बाजू लांब झाल्याशिवाय किंवा मोडल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलतच नाही.

"दार राहू दे," ती म्हणाली. "भोवती त्रिकोण करू."

त्यानंतरचे तीन दिवस वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचा आवाज होता. आप्पांनी पोकळ नळ्या निवडल्या, कारण पिळाला विरोध करते ती नळीची बाहेरची कड, मधल्या लोखंडाचं नुसतं वजन होतं. पुढे, जिथे डाव्या-उजव्या शॉकअपची डोकी पत्र्याला जोडलेली असतात, त्या दोन जागांमध्ये एक आडवा दांडा बसला. मागच्या सीटमागे फुलीसारखे दोन. गाडीच्या पोटाखाली, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या तिरक्या पट्ट्या. मागवलेल्या मऊ स्प्रिंगाही आल्या आणि बसल्या. मापाडी प्रत्येक जोडानंतर वजन सांगत राहिला. सगळं मिळून अकरा किलो वाढलं.

चैत्रालीने पुन्हा ठोकळा ठेवला आणि दोरा ताणला. फरक अर्ध्या मिलिमीटरहून कमी होता. आप्पांनी यावेळी मोजलं नाही. "तुझं माप चालंल," म्हणाले.

नवव्या दिवशी सकाळी परीक्षक नेर्लेकर मॅडम टॅब घेऊन वळणापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी आईला विचारलं, "पुन्हा कडक केलीत?"

"जिथे कडक हवी तिथे," आई म्हणाली.

गाडी निघाली. सरळ रस्त्यावर ती नेहमीसारखीच दिसली. वळणाच्या तोंडाशी आईने स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी लगेच वळली. कलली, पण थोडी. मग खडबडीत पट्टा आला. चैत्रालीने कुंपण घट्ट धरलं. चाकं भराभर वरखाली होत होती, प्रत्येक चाक आपापला खड्डा बघत होतं, आणि त्यांच्या वर गाडीचं अंग जवळजवळ स्थिर होतं. आप्पा डोळे मिटून नुसतं ऐकत होते.

फलकावर आकडे आले. सर्वांत हलकं चाक: मागचं, आतलं. किमान दाब: एकसष्ट किलो. आवश्यक: चाळीस. खाली एकच शब्द होता. उत्तीर्ण.

नेर्लेकर मॅडमनी परवान्याची चिठ्ठी दिली आणि गाडीच्या मागे वाकून त्या नळ्यांच्या फुलीकडे पाहिलं. "हे कुणी सुचवलं?"

"आमच्या सातवीनं," आप्पा म्हणाले.

चिठ्ठी आईच्या पर्समध्ये जायच्या आतच तिचा फोन वाजला. घाटापलीकडच्या टेकवाडीहून बिरू डोईफोडे बोलत होते. त्यांची गाय सकाळपासून अडली होती. आईने दोघांकडे पाहिलं. दोघंही आधीच गाडीत बसले होते. आप्पा मागे, गुडघे हनुवटीशी घेऊन.

घाटात एकामागून एक चौदा वळणं. आईने स्टेअरिंग घट्ट धरलं होतं. सातव्या वळणानंतर तिचे खांदे खाली आले, आणि ती हलकेच काहीतरी गुणगुणू लागली.

वासरू तासाभराने बाहेर आलं. आईने हात कोपरापर्यंत धुवायला घेतले. बिरूकाका गोठ्याचं फाटक लावायला गेले. फाटक लाकडी होतं, चार फळ्यांचं, कडीच्या बाजूने खाली लोंबलेलं. ते त्यांनी खांद्याने उचलून, ढकलून, कसंबसं बसवलं.

"रोज असंच लावता?" चैत्रालीने विचारलं.

"बिजागरी तीनदा बदलली. पुन्हा लोंबतंय."

चैत्राली फाटकासमोर उकिडवी बसली. चारही कोपरे बघितले. मग म्हणाली, "बिरूकाका, एक फळी मिळेल? लांब हवी. खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीपर्यंत, तिरकी लावायची."

"तिरकी कशाला?"

तिने जमिनीवरच्या चार काड्या उचलल्या आणि त्यांना समजावून सांगायला लागली. आप्पा जवळच्या दगडावर बसून ऐकत होते. समजावून झाल्यावर त्यांनी खिशातून चार खिळे काढून तिच्यापुढे ठेवले.

फळी बसली. बिरूकाकांनी फाटक एका बोटाने लावलं. उघडलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी चैत्रालीला खुणेने बोलावलं आणि शेजारच्या गोठ्याचं फाटक दाखवायला घेऊन गेले.