धरलेल्या जागा

आमच्या घरच्या त्या फोटोत मी का नाही, असं तुम्ही परवा विचारलंत आणि मी विषय बदलला. आज सांगते. दिवा तेवढा राहू द्या. आणि मध्ये अडवू नका, कारण एकदा थांबले की पुन्हा सुरू करायची नाही मी.

मी शाळेच्या ऑफिसात आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. परीक्षेला कोणता मुलगा कोणत्या बाकावर बसणार, त्याचे तक्ते मी करते. सतरा वर्षं करतेय. त्यामुळे घरात काहीही ठरवायचं झालं की सगळे हात झटकतात आणि माझ्याकडे बघतात. फोटोचंही तसंच झालं.

आईच्या डोळ्यांना डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. नजरेच्या मधला भाग अंधुक होत जाईल, मग चेहरा समोर असूनही ओळखू येणार नाही, असं ते म्हणाले. आई रडलीबिडली नाही. ती एवढंच म्हणाली की, डोळे आहेत तोवर तुम्हा सगळ्यांना एका फोटोत बघायचंय, समुद्रावर. सगळे म्हणजे माझा मोठा भाऊ दादा, वहिनी, त्यांची मुलगी ठमी, माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि मी. आई दादाकडे राहते, धाकटी तिथून दोन गल्ल्या सोडून, आणि मी शाळेजवळ एकटी. एकाच शहरात राहून चार वर्षांत आम्ही एकदाही सगळे मिळून एका खोलीत बसलो नव्हतो. तिला काय हवंय ते मला बरोबर कळलं होतं.

एवढीशी गोष्ट, पण माझ्या नाकी नऊ आले. दादाला शनिवार नको, धाकटीला रविवार नको. मी म्हटलं सगळे फिकट निळे कपडे घालू, तर दादा म्हणाला, मी काय शाळेत चाललोय? वहिनीचं म्हणणं, वाळू घरात येते, मग ती महिनाभर निघत नाही, त्यापेक्षा गच्चीवर काढा. धाकटीचा नवरा प्रत्येक गोष्टीला ‘बघू’ म्हणायचा. ठमी तेरा वर्षांची, तिला कपाळावर पुटकुळी आली होती, म्हणून ती फोटोत येणारच नव्हती. मी ग्रुपवर ओहोटीची वेळ टाकली, तर त्याखाली दादा आणि धाकटीचं भांडण जुंपलं, तेही सात वर्षांपूर्वीच्या एका फ्रिजवरून. सांगा आता! एका रात्री तर मी उशीत तोंड खुपसून ओरडले. आईचे दिवस एकेक करून चालले होते आणि ही माणसं फ्रिजवर बोलत होती.

शेवटी मी सगळ्यांना दम भरला. रविवारी संध्याकाळी पाच वाजता, येईल तो येईल.

फोटोग्राफर मला शाळेतल्या एका बाईंनी सुचवला होता. म्हातारा माणूस, किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर छोटासा स्टुडिओ. काचेमागे कुटुंबांचे फोटो ओळीने लावलेले, सगळे समुद्रावरचे. त्याची कामाची एक पद्धत होती. तो म्हणाला की, कुटुंबं समुद्रावर येतात, कोण कुठे यावरून भांडतात आणि तेवढ्यात सूर्य बुडतो. म्हणून आदल्या दिवशी, त्याच वेळेला, घरातल्या एकाने यायचं आणि प्रत्येकाच्या जागेवर एकेकदा उभं राहायचं. तो कॅमेरा लावतो, उजेड बघतो, जागा धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी नुसतं येऊन उभं राहायचं.

मला तर हा माणूस देवासारखा वाटला. जगात कोणीतरी तक्ता करून काम करतं! फक्त त्याने एक गोष्ट दोनदा बजावली होती. घरातलंच माणूस हवं, रक्ताचं. मी म्हटलं, मीच येते, दुसरं कोण येणार आहे?

शनिवारी शाळेतून मी थेट तिकडे गेले. ओहोटी होती. पाणी लांब गेलं होतं आणि मागे राहिलेली वाळू काळपट, चकचकीत दिसत होती. शनिवारची संध्याकाळ असून किनाऱ्यावर एक माणूस नव्हता. वास मात्र होता, ओली पोती दिवसभर बंद खोलीत ठेवल्यावर येतो तसा. म्हातारा आधीच येऊन स्टँडवर कॅमेरा लावून उभा होता. माझ्या हातात कोणी कुठे उभं राहायचं त्याचा तक्ता. त्याने एक लाकडी खुर्ची वाळूत रोवली आणि मला तिच्यावर बसायला सांगितलं.

“ही कोणाची जागा?” त्याने विचारलं.

“आईची.”

“नीट सांगा.”

“माझ्या आईची,” मी म्हटलं. कॅमेऱ्याचा खटका वाजला. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, “धरली.”

मग दादाची जागा, खुर्चीच्या मागे. मग वहिनीची. प्रत्येक वेळी तोच प्रश्न, तसंच मोठ्याने सांगायचं आणि तोच शब्द. तिसऱ्या वेळेपर्यंत मला कंटाळा आला होता, पण म्हाताऱ्याचा चेहरा इतका गंभीर की हसायची सोय नाही. ठमीच्या जागेवर मी गुडघ्यांत वाकून तिच्या उंचीची झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लाटांचा आवाज येत नाहीये. लाटा दिसत होत्या, फुटत होत्या, पण आवाज नाही. मला वाटलं वारा उलटा असेल.

सहावी जागा धाकटीच्या नवऱ्याची. ती झाली आणि मी बाजूला होऊन मागे वळून बघितलं. वाळूत सहा जोड पावलं उमटली होती. मी अनवाणी होते, सगळी पावलं माझीच. पण दादाच्या जागेवरची पावलं लांबरुंद होती, अंगठा बाहेर वळलेला. ठमीच्या जागेवरची अगदी लहान. ओली वाळू पसरते, आक्रसते, असं मी स्वतःला सांगितलं. तरी मी माझं पाऊल त्या लहान ठशाशेजारी ठेवून बघितलं नाही. का नाही बघितलं, विचारू नका.

“सगळे झाले?” म्हाताऱ्याने वही मिटता मिटता विचारलं.

“झाले सगळे,” मी म्हटलं.

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, अगं बाई, माझी जागा राहिली! मीच माझा नंबर तक्त्यात घातला नव्हता. सतरा वर्षांची सवय. परीक्षेच्या तक्त्यात करणाऱ्याचा बाक कधी नसतो. मला स्वतःचाच इतका राग आला की काय सांगू. पण म्हटलं, उद्या कुठेतरी शिरेन मध्ये, त्यात काय.

रविवारी मी साडेचारलाच हजर. निळा ड्रेस, केस नीट, पिशवीत आईसाठी शाल. पाच वाजले, सव्वापाच झाले. कोणी नाही. दादाला फोन केला, तो उचलेना. वहिनीही नाही. माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. मनात म्हटलं, आईसाठी एक संध्याकाळ देता येत नाही यांना. शेवटी धाकटीने फोन उचलला आणि मी सुटलेच, तोंडाला येईल ते बोलले.

तिने सगळं ऐकून घेतलं. आमची धाकटी कधी कोणाचं ऐकून घेत नाही. मग शांतपणे म्हणाली, “ताई, फोटो काल झाला. आम्ही सगळे आलो होतो. तूच आली नाहीस.”

मला वाटलं चेष्टा करतेय. मी म्हाताऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “काल झालं की हो काम. फोटो घरी पोचवला. एक जागा तेवढी मोकळी राहिली... ती तुम्ही धरली नव्हती.”

रिक्षा करून मी दादाच्या घरी गेले. दाराला कडी लावलेली नव्हती. उंबऱ्यापासून आतपर्यंत वाळू होती, ओली, आणि वहिनी तिच्यावरून सावकाश चहाचे कप घेऊन जात होती. कणभर कचरा दिसला तर घर डोक्यावर घेणारी बाई ती. आई सोडून सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते. सगळे निळ्या कपड्यांत, दादासुद्धा. दादा धाकटीशेजारी बसला होता आणि दोघं माझ्याकडे बघून हसत होते.

फोटो टेबलावर होता. मी हातात घेतला. खुर्चीत आई, मागे दादा आणि वहिनी, ठमी, धाकटी, तिचा नवरा, अगदी माझ्या तक्त्याप्रमाणे. आईच्या उजव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा. मी एकेक चेहरा बघत गेले. सहाही जण ओठ मिटून, डाव्या बाजूने जरासे हसत होते. ते हसू माझं आहे. माझा एक दात पुढे आहे, म्हणून मी लहानपणापासून तसं हसते. आमच्या घरात दुसरं कोणीही तसं हसत नाही... हसत नव्हतं.

“चल,” दादा म्हणाला. “अजून उजेड आहे. तुझीच जागा राहिलीय.”

“चल ना ताई,” धाकटी म्हणाली. ठमी उठली, वहिनी उठली, धाकटीचा नवरा उठला. तीन आठवडे एका रंगावर ज्यांचं एकमत झालं नाही, ते सगळे एका वेळी उठून उभे राहिले. कोणी घड्याळ बघितलं नाही, कोणी कुरकुर केली नाही. मला ओरडावंसं वाटत होतं की, भांडा रे कोणीतरी.

“तिला जरा माझ्याजवळ बसू द्या,” आई आतल्या खोलीतून म्हणाली. “मग जा.”

ते बाहेर जाऊन उभे राहिले. दारातून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. मी आईच्या पलंगावर बसले आणि रडायलाच लागले. म्हटलं, आई, तुला सगळ्यांना एकत्र बघायचं होतं, मीच घोळ घातला, मीच नाही त्यात. आईने चाचपडत माझा हात धरला. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“बरं झालं नाहीस ते,” ती म्हणाली. “अगं... काल समुद्रावर सगळ्यांनी माझा हात धरला. सगळ्यांचे हात गार होते. मला वाटलं पाण्याने. पण आजही गारच आहेत गं... ठमीचासुद्धा. मी कोणाला बोलले नाही. तुझाच तेवढा गरम आहे.” तिने माझा हात घट्ट दाबला. “ते म्हणतील, चल म्हणून. गोड बोलतील. तू जाऊ नकोस. राहू दे ती जागा रिकामी. मी तुला बघितलं, असं धरून चालेन मी.”

मी तिच्या हाताकडे बघत होते. तिने धरलेला माझा हात मनगटापर्यंत बधिर झाला होता. तिची बोटं बर्फासारखी होती. नखांत काळी वाळू होती आणि तळवा ओला. पहिली जागा मी तिचीच धरली होती.

तिला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. कसं सांगणार?

त्या दिवशी मी गेले नाही. दादाला म्हटलं, डोकं दुखतंय. तो बरं म्हणाला, सगळेच बरं म्हणाले. याला आता आठ महिने झाले. आईची नजर गेली, डॉक्टर म्हणाले होते तशीच. दादा कामाला जातो, ठमी शाळेत जाते, धाकटी आणि दादा एकाही शब्दाने भांडत नाहीत. शेजारी म्हणतात, किती छान घर आहे तुमचं. आणि रोज संध्याकाळी, उजेड उतरायला लागला की कोणीतरी एक जण मला प्रेमाने विचारतं, जायचं का? मी नाही म्हणते, ते बरं म्हणतात. वैताग आलाय मला त्या ‘बरं’चा. एकदा तरी माझ्यावर कोणी खेकसलं असतं तर मी त्याच्या गळ्यात पडले असते.

तरी मी रोज दादाकडे जाते, आईसाठी. शाळा सुटली की तासभर तिचे तळवे चोळते, गरम पाण्याची पिशवी देते, तेल लावते. अजून ऊब आलेली नाही. ती मात्र माझा हात धरला की समाधानाने डोळे मिटते. माझं एक माणूस राहिलंय, असं म्हणते.

काल तिने माझा हात धरला आणि डोळे मिटले नाहीत. माझी बोटं एकेक करून चाचपली, नखांवरून अंगठा फिरवला. मग दाराकडे कान देऊन कोणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली आणि अगदी हळू विचारलं,

“खरं सांग... तू समुद्रावर जाऊन आलीस का?”

मी गेले नव्हते हो. तुमच्या गळ्याशपथ सांगते, त्या दिवसापासून मी त्या बाजूला फिरकलेसुद्धा नाही.