कोपऱ्यातला आकडा

मुरुडला कोळीवाड्याच्या तोंडाशी काळूरामशेठचं जाळ्या-दोरांचं आणि होड्यांच्या शिध्याचं दुकान आहे. माणूस मूळचा तळा गावचा, डोंगराकडचा. समुद्र त्याला कळला तो गिऱ्हाइकांच्या तोंडून. दुकान टाकलं त्या पहिल्याच आठवड्यात एका होडीचा शिधा बांधताना त्याने सहज विचारलं, "किती माणसं चाललीत?" तशी ठमाबाई म्हातारी डोक्यावरची टोपली खाली ठेवून अंगावर आली. "ए तळ्याच्या शान्या, दर्यावर जानारी माणसं मोजाची नस्तात! पाव किती लादी, त्ये इचार."

तेव्हापासून शेठ पाव विचारी. आणि हा किस्सा नव्या गिऱ्हाइकाला चहाबरोबर फुकट देई.

दिवाळी सरली होती. दुपारचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत. शेठचा थोरला, सुजित, चार दिवसांमागे होडीवर गेला होता, तो दिवेलागणीपर्यंत यायचा होता. धाकटी अमिषा सुट्टी म्हणून दुकानात चौकटीची वही घेऊन बसली होती. बापलेकीला एक नाद होता. आवडीचे सगळे गेम एकत्र कालवून, जगात कुठेच नाही असा एक गेम रचायचा.

"पप्पा, तुमच्या जुन्या फोनमधला साप घेऊ. सापाच्या जागी होडी. मासे खाल्ले की मागचं जाळं लांबत जाणार."

"आणि आपल्याच जाळ्यात अडकला की मेला," शेठ खूश झाला. "तुझ्या गेममधली शेती?"

"ती बेटावर. आणि दादाच्या बंदुकीच्या गेममधलं ते गोल आवळत येतं ना, तसं धुकं."

"मग त्यातला कोपऱ्यातला आकडाही पायजे, किती जण जिवंत उरले तो. त्याबिगर गिऱ्हाईक चिकटत न्हाय, पोरी."

अमिषाने निळी होडी काढली, भोवती धुक्याची गोल रेघ. "ही दादाचीच. किती लिहू?"

"सहा," शेठ बोलून गेला. समोर एक जण नायलॉनचा दोर मापून मागत होता. जीभ चावायचीही राहून गेली.

अमिषा जेवायला घरी गेली. गिऱ्हाईक गेलं. शेठने सहज वहीकडे पाहिलं. कोपऱ्यात ५ होता.

पोरीने सहा खोडून पाच केला असेल. त्याने रबराने पुसला, ठळक ६ लिहिला, दोराचं भेंडोळं जागेवर ठेवून परतला. कोपऱ्यात ४. अक्षर अमिषाचंच, पोट फुगलेला चार. आणि होडीभोवतीची धुक्याची रेघ आत सरकली होती. पान नाकाशी नेलं, तर ओल्या जाळ्याचा वास... दुकानात मात्र सगळी जाळी नवी, कोरी.

सुजितचा फोन लागेना. शेठ शटर अर्धं ओढून बंदरावर धावला. तिथे सदा आपल्या होडीचं इंजिन खोलून बसला होता.

"सदा, वायरलेसवर आमच्या पोराच्या होडीला हाक मार."

"का वो शेठ? दर्या तर झोपलाय. झालं काय?"

काय सांगणार? वहीतला आकडा उतरला? सदाने तीनदा हाक मारली. पलीकडून नुसती खरखर... आणि तिच्यात, कुणी पाण्याखाली श्वास सोडावा तसं काहीतरी.

तो परत आला तेव्हा कोपऱ्यात १ होता.

आयुष्यभर घासाघीस केलेला माणूस. पण इथे कुणाशी घासाघीस करायची? तो वहीपुढे हात जोडून पुटपुटला, "तो एक माझा असू दे." आणि लगेच त्याला बाकीची पाच घरं आठवली, पाच आया. त्याने मान खाली घातली. पण शब्द मागे घेतला नाही.

ऊन कलताना निळी होडी आली. काठावर एकेक उतरला, दमलेला, हसत, चेष्टा करत. नको नको म्हणताना शेठने मोजले. सहा. वही उघडून बघायचं धाडस मात्र झालं नाही. ती त्याने बगलेत मारली आणि पोराला घरी नेलं.

बायकोने, मैनाने, चौघांची ताटं मांडली. सुजित हलवा माशाचं कालवण ओरपत होता, नेहमीसारखा, आवाज करत. "शेठ आज गप कसे वो?" मैना हसली. "पोरगा आला म्हणून जीभ गिळली काय?"

शेठने मांडीखाली दडवलेली वही हळूच उघडली. होडीचं चित्र नव्हतं. त्या जागी एक चौकोन होता, चार ताटं होती. भोवती धुक्याची रेघ. आणि कोपऱ्यात ३.

त्याने वर पाहिलं. मैना. अमिषा. सुजित. आणि तो स्वतः...

सुजितने मान वर केली नाही. काटा काढता काढता हळूच म्हणाला, "नका मोजू, पप्पा."

"का रे?"

"दर्यावरची माणसं मोजाची नस्तात." त्याने ताट पुढे केलं. "आई, भात वाढ. बाहेर पाच जण थांबलेत माझे."