शिवेवरचा गाडा

हणमंतराव रोज सकाळी सव्वासहाला नळीत फुंकर मारायचे. चहाच्या आधी, तोंड धुण्याच्याही आधी. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या त्या नळीवर आकडे होते आणि एक लाल काटा. फुंकर जितकी जोरकस, तितका काटा वर सरकायचा. त्यांची मुलगी तनुजा तीनदा फुंकायला लावायची आणि तिन्हींतला मोठा आकडा वहीत लिहून ठेवायची.

"तेहतीस वर्षं डाळीचं फोलपट फुंकलं, आता हे फुंकून राहिलो," हणमंतराव म्हणायचे.

लातूरच्या एका दालमिलमध्ये ते सुपरवायझर होते. तुरीचा भुसा छातीत कायमचा बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ सोडा, नाहीतर दोन वर्षांत घरात ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागेल. तनुजा नुकतीच पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात माणसं दोनच. तिने इस्लापूरजवळच्या निसर्गग्राममधली नोकरी धरली ती पगारासाठी नव्हे, हवेसाठी. पाहुण्यांना जंगलवाटांनी फिरवायचं, पक्ष्यांची यादी ठेवायची, महिन्यातून एकदा पाणी तपासायचं, एवढं काम. नोकरीबरोबर राहायला सोळा नंबरचा बंगला मिळाला.

निसर्गग्राम म्हणजे एक सरळ सडक आणि तिच्या एकाच बाजूला सोळा सारखे बंगले. समोर सहाशे मीटरचा चालण्याचा ट्रॅक, त्यापलीकडे सागाचं जंगल. सायकलची वाट थेट सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत जायची. सडक सोळा नंबरपाशी संपायची. पुढे एक लोखंडी दार, दारापलीकडे उतार, उताराखाली ओढा. ओढ्यापलीकडे दुसऱ्या गावाची हद्द सुरू होत होती. सोळापैकी सातच घरांत माणसं होती.

जूनमध्ये हणमंतरावांचा आकडा एकशे नव्वद होता आणि ट्रॅकच्या एका फेरीत त्यांना तीनदा बसावं लागायचं. दसऱ्याला आकडा दोनशे नव्वदवर गेला. बसणं बंद झालं. तीनशे पन्नासच्या पुढे गेलात तर यंत्राचं नाव काढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. तनुजाचं सगळं लक्ष त्या तीनशे पन्नासवर होतं.

पंधरा नंबरात मकसूदचाचा राहायचे. नांदेडात चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. रोज संध्याकाळी पाचला ते व्हरांड्यात बसून वाजवायचे आणि त्यांची बायको चांदबी आतून ओरडायची, "नवरदेव कधीचा पोचला, आता बस करा!"

"काय हणमंतराव, तुमचं इंजन आज किती स्टेशनं घेणार?" चाचा ट्रॅकवर विचारायचे.

"तुमची पिपाणी थांबली की माझं इंजन एका दमात लातूर गाठतंय बघा."

गाडा आला तो आखाडात. निसर्गग्रामचा मॅनेजर सत्यम, लातूरचाच, रोज चाळीस किलोमीटर सायकल मारणारा. एका सकाळी त्याला ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एक लाकडी गाडा दिसला. दोन हात लांब, भरीव चाकांचा, रंग उडालेला. आत सुकलेला लिंबाचा पाला, हिरव्या बांगड्या, हळदीने पिवळा झालेला चोळीचा खण. सत्यमने ते सगळं ओढ्यात सोडून दिलं, गाडा धुऊन घेतला आणि एक नंबरच्या, म्हणजे स्वतःच्या बंगल्यासमोर मांडला. त्यात झेंडूच्या कुंड्या ठेवल्या. पाहुणे त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढू लागले.

खालच्या गावातून धुण्याभांड्याला येणाऱ्या भामाबाईंनी तो पाहिला आणि त्या सडकेवरच उभ्या राहिल्या.

"ह्यो देवीआईचा गाडा हाय ताई. आमच्या गावची इडापिडा यात घालून आम्ही शिवेवर सोडतो. पुढच्या गावानं ववाळायचा अन् दिवस बुडायच्या आत फुडच्या शिवेवर न्यायचा. ठेवून घ्यायचा नसतो."

"शीव तर ओढा आहे ना? मग अलीकडे का सोडला?"

"दरसाली तिथंच सोडतो. आधी हितं कुणी ऱ्हात न्हवतं. आता तुमी हाव, म्हंजी फुडचं गाव तुमीच."

तनुजाने सत्यमला सांगितलं. तो हसला. "मॅडम, तुम्ही सायन्सवाल्या ना?"

गणपतीनंतर सत्यमला धाप लागू लागली. आधी चढावर, मग सपाटीवर, मग बुटांच्या नाड्या बांधताना. तो लातूरला जाऊन सगळ्या तपासण्या करून आला. सगळे रिपोर्ट चांगले. तो परत आला त्या दिवशी गाडा चार नंबरसमोर होता आणि सत्यम ठणठणीत बरा झाला होता. कुंड्या मात्र एक नंबरसमोरच जमिनीवर नीट ओळीने मांडलेल्या होत्या.

चार नंबरमध्ये चतुराबाई, निवृत्त शिक्षिका. आठवड्याभरात त्यांना वाक्य एका दमात पुरं करता येईना. मग गाडा सात नंबरला गेला आणि चतुराबाई पुन्हा घडाघडा बोलू लागल्या. मग नऊ. मग बारा. रिकाम्या घरांपुढे तो एकदाही थांबला नाही.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त एक निरोप आला. 'कृपया गाडा इतरांच्या दारात ठेवू नये.' त्याला सातही घरांतून अंगठा आला.

कोणीतरी ढकलतंय, हे तनुजाला उघड वाटत होतं. ज्याला त्रास, तो शेजाऱ्याच्या दारात लोटून मोकळा होतो. गाडा बारा नंबरला असताना तिने चाकाभोवती खडूने रेघ मारली आणि चाकाच्या भोकातून शिवणाचा दोरा ओवून आसाला बांधला. चाक अर्धं फिरलं तरी तो तुटला असता. दुसऱ्या दिवशी गाडा पंधरा नंबरसमोर होता. दोरा शाबूत होता, गाठ तिचीच. खडूची रेघ बारा नंबरसमोर पूर्ण गोल होती.

उचलून नेला असेल, तिने वहीत लिहिलं. दोन माणसं लागतील.

मग तिने स्वतः तो ढकलून पाहिला. वजन तीस किलोपलीकडे नसावं. पाय रोवले, खांदा लावला. गाडा जागचा हलला नाही. आसात गंज नव्हता, चाकापुढे दगड नव्हता. खाली वाकून तिने दोनदा पाहिलं.

"ज्याच्या दारात हाय त्यालाच हलतो," भामाबाई पाठीमागून म्हणाल्या. "त्यानंच न्यावा, वढ्यापल्याड. दुसऱ्याचं काम न्हाई."

"मग कोणी नेला का नाही?"

"ज्याच्या दारात ह्यो उबा ऱ्हातो त्याला धा पावलं टाकवत न्हाईत ताई. कसा वढणार? अन् फुडच्याच्या दारात जाणार हाय म्हनल्यावर कोण कशाला वढंल?"

त्या आठवड्यात क्लॅरिनेट तुटक वाजू लागलं. चाचांचा एक लांब सूर होता, वरात मांडवात शिरताना वाजवायचा. तनुजाने तो पूर्वी एकदा सहज मोजला होता, एकोणीस सेकंद. आता तो सहावर आला, मग चारवर. शेवटी चाचा नुसतेच क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसायचे. चांदबीने आतून ओरडणं सोडलं होतं.

सोमवारी तनुजाने दार उघडलं तर गाडा सोळा नंबरसमोर होता.

त्या संध्याकाळी पाचला शेजारून सूर लागला. तोच लांब सूर. तिने घड्याळ पाहिलं. वीस सेकंद झाली. तीस. पन्नास. एक मिनिट दहा सेकंदांनी तो थांबला, आणि तोही दम संपल्यासारखा नाही, कंटाळा आल्यासारखा. गाल फुगवून नाकाने हवा घेत वाजवायची एक रीत असते, हे तिला माहीत होतं. तिने तसं लिहून ठेवलं.

मंगळवारी हणमंतरावांचा आकडा दोनशे सत्तर. बुधवारी दोनशे वीस. गुरुवारी सकाळी एकशे साठ, संध्याकाळी एकशे वीस. तोंडात औषधाचा फवारा देऊनही फरक पडेना. ओठांच्या कडा निळसर दिसू लागल्या. मकसूदचाचा कुंपणापाशी आले होते.

"अल्ला कसम हणमंतराव, मी हात लावला नाही त्याला."

"लावला असता... तरी... मी काय म्हणलो असतो?" हणमंतराव पलंगावरून म्हणाले. "तुमच्या घरातबी... माणूसच हाय की."

तनुजाने ठरवलं. शुक्रवारी किनवटला जाऊन ऑक्सिजनचा सिलिंडर आणायचा आणि शनिवारी पहाटे गाडी करून लातूर गाठायचं. तिथे धूळ होती, पण डॉक्टरही होते. शुक्रवारी भामाबाईंना वडिलांजवळ बसवून ती निघू लागली.

"तनू." वडिलांनी तिचा हात धरला. दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागत होतं. "हितून... तो फुडं कुठं जाईल?"

"कोण?"

"सोळाच्या फुडं... घर न्हाई. म्हणजे हितंच ऱ्हाईल. अन् घरात... आपण दोघंच."

"बाबा, लाकडाचा गाडा आहे तो."

"हाव." ते म्हणाले. "जा तू. ये लवकर."

दुपारी तीनला ती सिलिंडर घेऊन परतली. भामाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या. पलंग रिकामा होता. चादर घडी घातलेली.

दारात गाडा नव्हता.

सडकेच्या टोकाचं लोखंडी दार उघडं होतं. पलीकडच्या मऊ मातीत चाकांच्या दोन रेघा आणि मधून वडिलांच्या चपलांचे ठसे. तनुजा त्यांच्या कडेने पळत सुटली. पळतानाही तिची नजर ठशांवर होती, कारण दमलेला माणूस थांबतो, पाय फाकवून उभा राहतो, बसतो, आणि मातीत ते दिसतं.

तसं कुठेच दिसलं नाही.

उतारावर नाही. ओढ्याच्या वाळूत नाही. पलीकडच्या चढावर, जिथे तिला स्वतःला दोनदा थांबावं लागलं, तिथेही ठसे एकसारख्या अंतरावर पुढे गेले होते.

वर एका दगडापाशी गाडा उभा होता. हणमंतराव त्या दगडावर बसले होते, हात गुडघ्यांवर, ऊन तोंडावर.

"सोडला बघ," ते म्हणाले.

पूर्ण वाक्य, एका दमात.

तिने त्यांच्या छातीला कान लावायचा प्रयत्न केला. त्यांनी हसून तिला बाजूला केलं. "अगं, बरा हाय मी. चल घरी, भूक लागली."

परतताना चढावर ते तिच्या पुढे चालत होते.

संध्याकाळी तिने नळी पुढे केली. "आता काय करायची ती? ठेव कपाटात." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने हट्ट धरला तर त्यांनी नळी प्रेमाने तिच्या हातातून घेतली आणि फळीवर ठेवून दिली. शनिवारची गाडी तिने रद्द केली. ते जिना चढत होते, झाडांना पाणी घालत होते, जेवत होते, झोपत होते. ती त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून त्यांना झोपलेलं पाहायची. पांघरूण जाड होतं. वर-खाली होताना दिसलं नाही तर त्यात काही नवल नाही, असं ती स्वतःला सांगायची.

भामाबाई सोमवारी कामाला आल्या. हणमंतराव अंगणात होते. "या भामाबाई," त्यांनी हाक मारली. भामाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिल्या, आणि आल्या पावली परत गेल्या. नंतर त्या आल्या नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी पडली. त्या सकाळी थर्मामीटर सहावर होता. सागाच्या पानांवरून दव टपटप गळत होतं. तनुजा कानाला मफलर गुंडाळून ट्रॅकवर आली तेव्हा सगळे आधीच चालत होते. सत्यम, चतुराबाई, सात, नऊ आणि बारा नंबरचे, मकसूदचाचा, आणि सर्वांत पुढे तिचे वडील. चाल झपाझप, गप्पा मोठ्याने. तिने फेऱ्या मोजल्या. अकरा. कोणी दमलं नव्हतं. कोणी दमेल असं दिसतही नव्हतं.

ती त्यांना गाठायला पळाली. धाप लागली. तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, विरली, पुन्हा निघाली.

पुढे चाचांनी काहीतरी चावट सांगितलं. हणमंतराव मान मागे टाकून खदखदून हसले. चतुराबाई हसल्या. सत्यम हसला.

त्यांच्या तोंडांपुढची हवा स्वच्छ होती. पलीकडची पानं नीट दिसत होती.

तनुजाने ओठ घट्ट मिटले. नाकाने अगदी हळू श्वास सोडला. तोही दिसला.

चालणारे थांबले. एकेक जण वळला. सगळे तिच्या तोंडासमोरच्या त्या लहानशा ढगाकडे पाहू लागले.

हणमंतराव जवळ आले. तिच्या मफलरचं टोक त्यांनी मायेने नीट केलं.

"तनू," ते म्हणाले, "तुला अजून लागतो होय गं?"